वास्तूचा शेजारधर्म

पिंपरी-चिंचवड हे कारखान्यांच्या मागोमाग वसलेले नगर आहे आणि म्हणून नव्या इमारतीने ज्याची दखल घ्यावी असे इथे पूर्वीचे काही नाही, अशी जी समजूत नकाशे काढणाऱ्यांच्या मनात दृढमूल झालेली दिसते, तिच्यावरच इथल्या समकालीन वास्तुरचनेचे बहुतेक दारिद्र्य पोसले गेले आहे. वस्तुतः चिंचवड गावठाणात पवनेच्या काठी १६५८-५९ च्या सुमारास बांधलेले मोरया गोसावींचे समाधिमंदिर, नदीत उतरणारा घाट, देवस्थानाचा मंगलमूर्तीवाडा आणि चापेकर बंधूंच्या वाड्याची वस्ती यांचा मिळून एक सलग परिसर आहे. पूर आला की पवनेचे पाणी मंदिरात शिरते आणि ओसरते, आणि काळा पाषाण पुन्हा कोरडा होतो. नदीच्या स्वभावाशी इतका समंजस करार करणारी इमारत त्यानंतरच्या साडेतीनशे वर्षांत त्या काठावर क्वचितच उभी राहिली.

दुसरा वारसा अलीकडचा, पण तोही वारसाच. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरणाने निगडी-आकुर्डीकडे पेठांची आखणी सुरू केली, आणि टेल्कोच्या आवारात सुमंत मूळगावकरांनी उघड्या माळावर तळे आणि वनराई निर्माण केली. बैठ्या वसाहती, उत्तरेचा प्रकाश घेणारी करवती छपरे आणि रस्त्यावर सावली धरणारी झाडे यांतून एक संयत अशी औद्योगिक नगररचना सिद्ध झाली होती.

या दोहोंना आजची इमारत काय उत्तर देते? गावठाणातल्या वाड्याला जोते असे, जोत्यावर ओटा असे, आणि घर व गल्ली यांच्यामधला तो हात-दीड हात उंचीचा पट्टा दोघांच्याही मालकीचा मानला जाई. तिथे वृद्ध बसत, भाजीचे सौदे होत, पालखी आली की बायका उभ्या राहत. वाडा पाडून जी इमारत येते तिचा तळमजला खांबांवर उभा केलेला वाहनतळ असतो, आणि गल्लीला सामोरे जायला उरतात फक्त मोटारींची तोंडे. चटईक्षेत्र, सामासिक अंतरे, वाहनांची संख्या यांचा हिशेब मंजुरीच्या दप्तरात काटेकोर असतो. शेजारच्या जोत्याची उंची मात्र तिथे कोणी विचारीत नाही. ही माझ्या मते या प्रांतातील सर्वांत मोठी हानी आहे, कारण ती एकेका इमारतीने, निमूटपणे होते.

याची भरपाई म्हणून जे केले जाते ते अधिकच क्लेशदायक आहे. चाकणच्या संग्रामदुर्गात १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाईस्तेखानाशी सुमारे दोन महिने झुंज दिली. त्या भुईकोटाचे भग्न तट वस्तीच्या वेढ्यात असताना कसब्याभोवतीच्या व्यापारी संकुलांवर गिलाव्याचे बुरूज आणि कमानी चढविणे हा इतिहासाचा आदर नव्हे.

जुन्याशेजारी नवे कसे बांधावे याविषयी जगात दोन मते आहेत. १९६४ च्या व्हेनिस सनदेचा आग्रह असा की, नवी भर ओळखू यावी, तिच्यावर आपल्या काळाची मुद्रा असावी. २००४ च्या इन्टॅक सनदेने मात्र भारतातील जिवंत परंपरा व कारागिरांचे हात यांना बांधकामात प्रतिष्ठेचे स्थान दिले. देहूचे शिळामंदिर, ज्याचे लोकार्पण जून २०२२ मध्ये झाले, ते छत्तीस शिखरांसह दगडात घडविले गेले. जिथे वारी अखंड चालू आहे तिथे हा दुसरा मार्ग मला न्याय्य वाटतो. परंतु कचेऱ्या, रुग्णालये, सदनिका यांना शिखरे शोभत नाहीत. त्यांनी पहिल्या मार्गाने, पण दख्खनच्या मातीतूनच जावे. चार्ल्स कोरिया यांनी पुणे विद्यापीठाच्या आवारात रचलेली ‘आयुका’ पाहावी: काळ्या दगडाच्या भिंती, मध्यभागी कुंडासारखा पायऱ्यांनी खोल गेलेला चौक, आणि तरीही जुन्या घाटाची नक्कल कोठेही नाही. स्पेनमधल्या मेरिडा येथे राफाएल मोनेओ यांनी रोमन अवशेषांवर उभारलेले १९८६ चे विटांचे संग्रहालय याच जातीचे.

नदीचा शेजार तर कायद्यालाही मानावा लागतो. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत बांधलेले छत्तीस बंगले महापालिकेने मे २०२५ मध्ये जमीनदोस्त केले. गावठाणाच्या शेजाराला असे संरक्षण नाही. म्हणून महापालिकेला आणि चाकण नगरपरिषदेला माझी विनंती आहे की, चिंचवड, आकुर्डी, भोसरी व चाकण येथील गावठाणांतल्या गल्ल्यांची मोजणी, उरलेले वाडे पडण्यापूर्वी, वास्तुविद्या महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी, आणि बांधकाम-परवानगीच्या प्रत्येक अर्जासोबत दोन्ही बाजूंच्या इमारतींची जोती, ओटे आणि छपरांची उंची दाखविणारा दर्शनी नकाशा सक्तीने मागावा.