'तूफान': सरावाच्या गाण्यात न दिसणारी गोष्ट

मुसफ्फाच्या शाबियात शेजारच्या वहिनींकडे 'तूफान' दुसऱ्यांदा पाहिला. निमित्त त्यांच्या ११ वर्षांच्या मुलाचं. त्याला बॉक्सिंगच्या क्लासला जायचंय. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही एवढ्या डॉक्टर झालात, तुम्हीच सांगा, पाठवू का?" आता मी डॉक्टर आहे ती धातूंची. वारंवार ताण पडून धातू कसा थकतो, यावर माझी पीएचडी. पण त्यामुळेच असेल, या वेळी माझं लक्ष सिनेमात भलतीकडेच गेलं.

राकेश ओमप्रकाश मेहरांचा हा सिनेमा २०२१ साली आला. डोंगरीतला वसुलीगुंड अझीझ अली (फरहान अख्तर), त्याला घडवणारे नाना प्रभू (परेश रावल) आणि नानांची डॉक्टर मुलगी अनन्या (मृणाल ठाकूर). धर्मावरून तुटलेलं नातं सिनेमा मनापासून मांडतो. नानांचा कडवटपणा आणि त्यांचं हळूहळू विरघळणं परेश रावलनी इतकं खरं केलंय की प्रत्येक मराठी घरात असा एक काका आठवावा. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे. नायिका डॉक्टर, नायक बॉक्सर, आणि तरीही कथेचं एकही वळण बॉक्सरच्या मेंदूमुळे येत नाही. बंदी येते, मृत्यू येतो, पश्चात्ताप येतो. ठोसे मात्र फक्त चेहऱ्यावर उमटतात. जखमेला टाके घातले की हिशोब संपला. अमेरिकेतले डॉ. हॅरिसन मार्टलंड यांनी बॉक्सरांच्या झोकांड्या आणि अडखळत्या बोलण्यावर निबंध लिहिला तो १९२८ साली. म्हणजे हे ज्ञान या सिनेमापेक्षा ९३ वर्षांनी मोठं आहे.

याच्या उलट २०१५चा 'कन्कशन'. त्यात शवचिकित्सक डॉ. बेनेट ओमालूच (विल स्मिथ) नायक आहेत. २००२ साली, वयाच्या ५०व्या वर्षी वारलेल्या माइक वेबस्टर या अमेरिकन फुटबॉलपटूच्या मेंदूत त्यांना टाउ नावाच्या प्रथिनाचे साठे दिसले. आजाराचं नाव क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, थोडक्यात सीटीई. त्याचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच होतं. सिनेमा धाडसी आहे, पण त्याचं नावच दिशाभूल करतं. कन्कशन म्हणजे भोवळ आणणारा, लक्षात राहणारा आघात. सीटीईचा संबंध मात्र अशा मोजक्या आघातांपेक्षा वर्षानुवर्षं साचलेल्या एकूण माऱ्याशी अधिक दिसतो, आणि त्यात ज्यांची कुठे नोंदही होत नाही असे हजारो लहान धक्के येतात. वेबस्टर सेंटर म्हणून खेळायचा. त्या जागेवर जवळजवळ प्रत्येक डावात समोरच्याशी टक्कर ठरलेली.

माझ्या प्रयोगशाळेत हे नवं नाही. धातूची पट्टी एका मोठ्या भाराने क्वचित तुटते. सोसवेल असाच भार लाखो वेळा दिला, की आतली चीर वाढत जाते. मेंदू म्हणजे धातू नव्हे, हे मान्य. तिथे जिवंत पेशी आहेत, त्यांची स्वतःची दुरुस्ती आहे. पण "एवढ्याशाने काय होतंय" हा भ्रम दोन्हीकडे सारखाच.

म्हणून आता सराव दाखवणारी गाणी मला पूर्वीसारखी पाहवत नाहीत. 'तूफान'मधल्या अशा गाण्याचं नावच 'तोडून टाक' आहे. बॉक्सिंगच्या सिनेमांत हा भाग सगळ्यात आनंदाचा असतो: दोरीवरच्या उड्या, घाम, बॅगेवरचे ठोसे, जोडीदाराबरोबरच्या लढती. चार मिनिटांत सहा महिने सरतात. पण लढती वर्षाकाठी मोजक्याच, सराव मात्र रोजचा. जोडीदाराचे ठोसे साचतात ते इथेच, आणि आपण नेमक्या इथेच ताल धरतो. शिरस्त्राण घातलं म्हणून भागत नाही. ते कातडी फाटण्यापासून वाचवतं, पण कवटीच्या आत मेंदूचं हिसकणं थांबवू शकत नाही.

उगाच घाबरवायचंही नाही. २०१७च्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या १११ माजी खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूत सीटीई आढळला. पण ते मेंदू कुटुंबीयांनी दान केलेले होते, आणि बहुधा त्रास दिसला म्हणूनच दान केलेले. त्यावरून सगळ्या खेळाडूंचं प्रमाण काढता येत नाही.

वहिनींना मी एवढंच सांगितलं: पाठवा, पण आधी प्रशिक्षकांना विचारा, आठवड्यात डोक्यावर ठोसे घेण्याच्या किती फेऱ्या? लहान मुलांसाठी उत्तर "शून्य" असेल तर पायांची चाल, दोरी, बॅग, सगळं शिकू दे. नाहीतर अबू धाबीत शाळाशाळांतून जिउ-जित्सू शिकवतातच. त्यात पडझड असते, पण ठोसे नसतात.

मुलाला हे फारसं रुचलं नाही. "मावशी, मग तूफान कसा होणार?" त्याने विचारलं. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देणारा सिनेमा अजून आपल्याकडे आलेला नाही.