नटाचा दिवस

आपल्या भाषेत नाटकांवर लिहिणाऱ्यांची उणीव कधीच नव्हती. संविधानक, स्वभावपरिपोष, पदांच्या चाली आणि भाषेचे अलंकार यांच्या चर्चेत मासिकांची पाने पिढ्यान्‌पिढ्या खर्ची पडली आहेत. परंतु रात्री ज्याचा खेळ आपण पाहिला तो नट सकाळी कोठे उठला, कोणाच्या पंक्तीला जेवला आणि अंगात ताप असता त्याला खेळ टाळता आला असता काय, हे प्रश्न टीकाकारांनी क्वचितच विचारले. हे प्रश्न घरगुती होत, वाङ्मयाशी त्यांचा संबंध नाही, अशी समजूत यामागे असावी. ती समजूत बरोबर नाही असे आमचे मत असून ते येथे सकारण मांडण्याचे योजिले आहे.

या विषयाकडे आमचे लक्ष वळण्यास एक अर्वाचीन धंदा निमित्त झाला. सागरी सहलींच्या प्रचंड जहाजांवर गायक, वादक, नर्तक व जादूगार यांस काही महिन्यांच्या करारावर नेमतात. अशी जहाजे आता मुंबईच्या बंदरातूनही सुटतात. आमच्या बुलढाणे जिल्ह्यातील पुष्कळ कुटुंबांनी समुद्र चित्रातच पाहिलेला असतो. तथापि नृत्य वा गायन शिकलेल्या मुलामुलींपुढे ही वाट आज मोकळी आहे, आणि तेथील दिवस कसा जातो, असे आईबापांनी विचारणे साहजिक आहे. त्याचे उत्तर वरवर सोपे आहे. नटाची खोली बहुधा उतारूंच्या मजल्यांखाली, खिडकीवाचून, आणि दुसऱ्या कोणाबरोबर वाटून घेतलेली. उतारू प्रत्येक फेरीस बदलतात, खेळ मात्र तेच राहतात. रात्री रंगभूमीवर राजकन्या झालेल्या मुलीला दिवसा आगीच्या व बुडण्याच्या प्रसंगीच्या कवायतीत उतारूंना तराफ्याकडे नेण्याचे काम करावे लागते. कामाचे ठिकाण व निजण्याचे ठिकाण एकच असल्यामुळे खेळ संपला तरी घरी जाता येत नाही.

हे वर्णन वाचून ज्याला नवल वाटेल त्याने आपल्याच रंगभूमीचा इतिहास आठवावा. १८८० मध्ये ‘शाकुंतला’ने किर्लोस्कर नाटक मंडळीचा आरंभ झाला, आणि पुढील अर्धशतक मराठी नट अशाच एका जहाजावर राहिला, फरक एवढाच, की ते जहाज रुळांवरून चाले. पडदे, पेट्या, साज, आचारी, पाणके, झिलकरी, शिकाऊ मुले आणि मालक असे सर्व बिऱ्हाड गावोगाव हिंडे. एकाच छपराखाली निजणे, एकाच पंक्तीत जेवणे, सकाळी गळ्याची मेहनत, दुपारी तालीम, आणि खेळाच्या दिवशी रात्री उभे राहिल्यावर पहाटेपर्यंत तोंडावरचा रंग उतरावयाचा नाही, असा हा क्रम होता. आमच्या जिल्ह्यात १८७० मध्येच जलंब्याहून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा आला, तो कापसासाठी. परंतु ज्या रुळांवरून कापसाचे गठ्ठे बाहेर जात, त्याच रुळांवरून नाटकांचे पडदे गावात येऊ शकत होते. हंगामात शेतकऱ्याच्या व अडत्याच्या हाती पैसा खुळखुळू लागला, की वऱ्हाडातील मुक्काम मंडळ्यांस किफायतशीर होत असे.

याच खामगावात आणि पुढे जळगाव-जामोद येथे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी वकिली केली. ‘वीरतनय’ (१८९६) किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले, आणि कोल्हटकरांच्या कल्पनाप्रधान संविधानकांचे, कोट्यांचे व उर्दू-पारशी रंगभूमीच्या वळणावर गेलेल्या नव्या चालींचे गुणदोष आजवर पुष्कळांनी दाखविले. पण त्या टीकेत एक गोष्ट राहून गेली. ज्या नटाचा गळा कीर्तनी, लावणीच्या किंवा अण्णासाहेब किर्लोस्करांच्या चालींवर घडला, त्याला प्रत्येक नव्या चालीसाठी गळा पुन्हा वळवावा लागे. ग्रंथकाराची नवलाई म्हणजे नटाची पहाटेची मेहनत. नाटककार घरी बसून लिहितो आणि नट पंक्तीतून उठून तालमीस जातो, या दोहोंमधील अंतर ध्यानात घेतल्यावाचून त्या नाटकांच्या यशापयशाचा हिशेब पुरा होणार नाही.

हे अंतर दाखविणारे साहित्य आपल्याजवळ नाही, असे मात्र कोणी समजू नये. गणपतराव बोडसांची ‘माझी भूमिका’ (१९४०), गोविंदराव टेंब्यांचा ‘माझा जीवनविहार’ (१९४८) आणि चिंतामणराव कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’ (१९५७) ही तीन आत्मचरित्रे मराठी वाङ्मयाची भूषणे होत. ‘बहुरूपी’ला १९५८ चे साहित्य अकादमीचे पारितोषिकही मिळाले. ‘एकच प्याल्या’तील सुधाकर उभा करणारे बोडस, ‘मानापमाना’च्या चालींचे कर्ते टेंबे आणि बळवंत संगीत मंडळीचे चिंतामणराव, हे तिघेही आपापल्या कलेत अधिकारी. या पुस्तकांचा रस अवीट आहे, हे आम्ही निःशंकपणे सांगतो.

परंतु या तिघांत एक साम्य आहे, ते वाचकाने ध्यानात घ्यावे. तिघेही कधी ना कधी मंडळीचे मालक वा भागीदार झाले. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हा बालगंधर्वांबरोबर बोडस व टेंबे हे भागीदार होते. टेंब्यांनी पुढे स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. १९१८ मध्ये बळवंत मंडळी स्थापणाऱ्यांत दीनानाथ मंगेशकरांबरोबर चिंतामणराव होते. म्हणजे नटाचे जीवन म्हणून आपण जे वाचतो, ते गादीवर बसलेल्या नटाने मागे वळून पाहिलेले जीवन आहे. पडदा ओढणाऱ्याने, पाणक्याने, किंवा आवाज फुटताच स्त्रीभूमिकेतून बाद झालेल्या मुलाने आपला दिवस लिहून ठेवलेला नाही. लेखकांच्या सचोटीविषयी आम्हांस शंका नाही. पण दहा वर्षांच्या मुलास पहाटे उठविणाऱ्याची आठवण आणि उठणाऱ्याची आठवण या दोन निराळ्या असतात. हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) आम्हांस याच कारणास्तव महत्त्वाचे वाटते. त्यात भाषेचा डौल कमी असेल. परंतु जिच्या मिळकतीवर घर चालते तिचाच दिवस तिच्या मालकीचा नसतो, ही गोष्ट त्या पुस्तकाइतकी उघड वरील तिन्ही ग्रंथांत आलेली नाही.

दिवसाकडे दुर्लक्ष केल्याने टीका कशी वाहवत जाते, याची दोन उदाहरणे आपल्या सर्वांच्या परिचयाची आहेत. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस ‘मानापमाना’चा पहिला खेळ झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली. तथापि रात्री ते भामिनी होऊन उभे राहिले. दुसरे उदाहरण विठाबाई नारायणगावकरांचे. तमाशाचा फड चालू असता कळा सुरू झाल्या, पडद्यामागे त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचावयास उभ्या राहिल्या, असे सांगतात. या दोन्ही कथा आपण अभिमानाने सांगतो आणि त्यांस कलानिष्ठा हे नाव देतो. ती निष्ठा खरीच होती. आम्ही ती रतीभरही कमी लेखत नाही. पण खेळ बंद ठेवता आला नसता काय, हा पुढचा प्रश्न विचारावयास नको काय? तिकिटे विकली गेलेली, थिएटरचे भाडे भरलेले, पोटावर असलेले बिऱ्हाड वाट पाहत बसलेले, आणि गाण्याची सारी मदार एकाच गळ्यावर. हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवला म्हणजे जे दिसते ते निष्ठेबरोबर निरुपायही आहे. निरुपायाला केवळ त्याग म्हणून गौरविले, की पुढच्या पिढीच्या नटाला रजा मागण्याची लाज वाटू लागते. विठाबाईंचे अखेरचे दिवस हलाखीत गेले, ही गोष्ट त्या कथेला जोडून सांगितली जात नाही, यावरून आपल्या गौरवाची किंमत करावी.

येथे पुन्हा जहाजाकडे वळणे अवश्य आहे. समुद्रावरील कामगारांसाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय करार असून तो २०१३ पासून अमलात आला व हिंदुस्थानने २०१५ मध्ये त्यास मान्यता दिली. त्या करारात जहाजावर नोकरीस असलेल्यास चोवीस तासांत किमान १० आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळावी असे एक मान दिले आहे. कागदावरचे तास प्रत्यक्षात मिळतातच असे नाही. पण मागावयास आधार तरी आहे. भामिनीला तो नव्हता, विठाबाईंनाही नव्हता. तेव्हा आमच्या जिल्ह्यातील कोणा आईबापांनी मुलीचा करार पाहिला तर पगाराच्या आकड्याआधी विश्रांतीचे तास, आजारपणाची सोय आणि परतीचे भाडे ही तीन कलमे वाचावी. त्या लेकीला नाचण्यापासून परावृत्त करण्याचा आमचा हेतू नाही. जी कला घरी दिवाणखान्यात कौतुकाची, ती पोटाची होताच कमीपणाची, हा आपल्या मध्यम वर्गाचा जुना दुटप्पीपणा आता सुटला पाहिजे.

राहता राहिला वाङ्मयाचा प्रश्न. आत्मचरित्राची थोरवी त्यात आलेल्या थोर माणसांच्या संख्येवर ठरवू नये. पहिल्या रात्रीच्या टाळ्यांचे वर्णन सर्वांस साधते. तेच पद शंभराव्या रात्री, तापलेल्या अंगाने, नव्या गावच्या नव्या माणसांपुढे ताजे करून म्हणताना काय होते, हे ज्याला सांगता येईल तो खरा लेखक. उद्या जहाजावरून परतलेल्या एखाद्या वऱ्हाडी मुलीने बिनखिडकीच्या खोलीतील आपला सामान्य मंगळवार प्रामाणिकपणे लिहिला, तर त्या पुस्तकाला आम्ही बोडस-टेंब्यांच्या शेजारी जागा देऊ. कारण पगारावर असलेल्या नटाच्या दिवसाची जी पाने आमच्या ग्रंथसंग्रहात कोरी आहेत, ती तिच्याच हातून भरणार आहेत.