‘निर्वाणा’ आणि मोसंबीचं साल

जालना एमआयडीसीत मित्राच्या खोलीवर एका शनिवारी रात्री ‘पॉल जॉन निर्वाणा’ उघडली. ही स्कॉच नाही. गोव्यात, कुंकळ्ळीला बनणारी सिंगल मॉल्ट आहे, म्हणजे एकाच डिस्टिलरीची आणि फक्त मोड आणलेल्या बार्लीची. आपल्याकडे ‘व्हिस्की’ नावाने खपणाऱ्या बऱ्याच मालात उसाच्या मळीचं स्पिरिट असतं. त्यामुळे खिशाला परवडणारी सिंगल मॉल्ट हीच मुळात बातमी आहे.

ती बर्बनच्या पिंपात मुरते. अमेरिकेत बर्बनला दरवेळी नवं, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं. एकदा वापरलेली पिंपं मग जगभर विकली जातात आणि त्या लाकडात उरलेला व्हॅनिलासारखा गोडवा पुढच्या दारूत उतरतो. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातली साधारण २ टक्के दारू वर्षाला उडून जाते. गोव्याच्या उकाड्यात हे प्रमाण कितीतरी जास्त असतं आणि लाकडाची चवही लवकर उतरते. म्हणून लेबलवर वय नसलं तरी मी नाक मुरडत नाही.

ग्लास नाकाशी नेला की आधी कस्टर्ड पावडरचा डबा उघडल्यासारखा वास येतो, मग मध. इथे मी सवयीने ‘हेदर’ म्हणालो. व्हिस्कीच्या नोट्समध्ये हा शब्द सतत येतो. मित्राने विचारलं, “हेदर म्हणजे काय रे?” स्कॉटलंडच्या माळावरचं फूल, एवढंच मला माहीत. वास मी कधीच घेतलेला नाही. दोन वर्षं मी हा शब्द उसना वापरतोय.

त्याने ग्लास परत हुंगला. “मोसंबीचं साल आहे हे. नखाने खरवडल्यावर येतो तसा वास.” त्याच्या घरी मोसंबीची बाग आहे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, पण व्हिस्कीच्या नोट्समध्ये तिचं नाव मी तरी वाचलेलं नाही. मी परत वास घेतला. त्याचं बरोबर होतं.

जिभेवर मात्र गडबड आहे. सुरुवातीला काकवीचा गोडवा येतो, मग मधेच सगळं पातळ होतं. ४० टक्क्यांवर आणल्यामुळे अंगच उरत नाही. शेवटी थोडी मिरी, ओल्या लाकडाचा कडवटपणा आणि संपलं. पाण्याचे चार थेंब घातले तर उरलंसुरलंही जातं. याच घरची ‘ब्रिलियन्स’ही बर्बनच्याच पिंपातली, पण ४६ टक्क्यांची. तिथे हाच गोडवा घोट उतरल्यावरही टिकतो.

तर निकाल असा: निर्वाणा सोड्याबरोबर झकास, नीट प्यायला एकदाच. पैसे साठवता आले तर ‘ब्रिलियन्स’ घ्या. आणि कुठलीही बाटली उघडलीत तरी नोट्स नंतर वाचा. आधी आपल्या स्वयंपाकघरातलं, शेतातलं काय आठवतं ते सांगा. चुकलं तरी ते तुमचं असेल.