चिलमची जागा : ‘सलाम बॉम्बे’मधील गर्दविक्रीचा विचार

मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे’मध्ये (१९८८) एक तपशील येतो आणि पटकन निघूनही जातो. सुधारगृहातून पळालेला कृष्णा आपल्या वस्तीत परततो, तेव्हा बाबाने गर्द विकायला नवा पोरगा लावलेला असतो. त्याचेही नाव चिलमच. जुना चिलम जाऊन फार दिवस झालेले नाहीत. माणूस गेला, नाव उरले. माझ्या मते हा चित्रपट समजून घेण्याची किल्ली या तपशिलात आहे.

त्याआधीच्या हिंदी चित्रपटांत नशा बहुधा वाट चुकलेल्या सुखवस्तू तरुणांची असे. ‘हरे राम हरे कृष्ण’ (१९७१) हे त्याचे ठळक उदाहरण. तेथे प्रश्न संस्कारांचा होता. ‘सलाम बॉम्बे’ने तो पोटापाण्याचा केला. ग्रँट रोडच्या परिसरातला चिलम (रघुवीर यादव) गर्द विकतो आणि ओढतोही. विकून जे हाती येते, ते धुरात जाते. मराठवाड्यात ऊसतोडीची उचल ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना हा हिशेब नवा वाटणार नाही. कोयता चालतो, अंगावरची बाकी फिटत नाही. फरक इतकाच, की चिलमची बाकी त्याच्या रक्तात आहे. एका परदेशी पत्रकाराला तो बाबाकडे आणतो, ती मुलाखत फिसकटते आणि त्याचे काम सुटते. काम सुटले म्हणजे गर्दही सुटली. मग तो कृष्णाने साठवलेल्या पैशांना हात घालतो. आईकडे परतण्यासाठी कृष्णाला पाचशे रुपये हवे असतात. त्या पैशांतून चिलमचे मरण विकत घेतले जाते. एका गरिबाची गावाकडची वाट दुसऱ्या गरिबाच्या व्यसनात बुडते, आणि नफा तिसऱ्याच्याच खिशात राहतो.

काळही ध्यानात घ्यावा. अमली पदार्थांविरुद्धचा केंद्रीय कायदा १९८५चा. पुण्यात सुनंदा आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले १९८६ साली. अवचटांच्या ‘गर्द’ या पुस्तकाने हा शब्द मराठी घरांत पोहोचवला. मूळ कायद्यात स्वतःच्या सेवनापुरत्या अल्प साठ्याला सौम्य शिक्षा होती. पण साठा स्वतःसाठीच होता हे आरोपीने सिद्ध करायचे. विक्री ठरली, की किमान दहा वर्षे. पुड्या विकणारा आणि पोती हलवणारा यांच्यात साठ्यानुसार श्रेणी आली ती २००१च्या दुरुस्तीने. मग चिलम कोण? विक्रेता की रुग्ण? मुक्तांगणने त्याला रुग्ण मानले असते, कायद्याने गुन्हेगार. चित्रपट निवाडा देत नाही. दोन्ही एकाच देहात दाखवतो.

एक आक्षेप मात्र नोंदवायला हवा. नाना पाटेकरांचा बाबा इतका जिवंत आहे, की सगळे पाप त्याच्या माथी मारून प्रेक्षक मोकळा होऊ शकतो. बाबाला माल कोण देतो, वरचा हिस्सा कुठे जातो, हे चित्रपटात नाही. कॅमेरा मुलाच्या उंचीवर आहे आणि मुलाला बाबाच्या वरचे काही दिसत नाही, असे समर्थन करता येईल. ते मला अर्धेच पटते. शेवटी कृष्णा बाबावर चाकू चालवतो, तेव्हा दुष्टाचा अंत झाल्याचे समाधान चोरपावलांनी आत येतेच.

पण इथेच नवा चिलम आठवावा. विकणाऱ्याची जागा इतक्या सहज भरत असेल, तर बाबाची जागा तरी किती दिवस रिकामी राहील? चित्रपट हे बोलून दाखवत नाही. त्याने मांडलेला हिशेब आपल्याला तिथे नेतो. म्हणूनच गणपतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत रेखापासून तुटलेला कृष्णा एकटा बसून रडतो, तेव्हा सूड पुरा झाल्यासारखे वाटत नाही.

या चित्रपटाला कान महोत्सवात ‘कॅमेरा द’ऑर’ मिळाला, ऑस्करचे नामांकन मिळाले, आणि त्यातूनच रस्त्यावरच्या मुलांसाठी ‘सलाम बालक ट्रस्ट’ उभा राहिला. ही मोलाची कमाई आहे. तरी अभ्यासकाने चिलमच्या नावाशी थोडे थांबावे. चिलीम भरतात, ओढतात, राख झाडतात आणि पुन्हा भरतात. आजही गर्दच्या पुड्या सापडल्याची बातमी आली, की आपण पकडलेल्याचे नाव वाचतो. त्याची जागा कोणी तयार केली, हे विचारायचे राहून जाते.