हुकूम कोणाचा? बोलक्या संगणकाच्या मॅक्रोंविषयी थोडेसे

आपल्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला मनगटाला पट्टा बांधून आलेले दोघेतिघे हमखास दिसतात. वीस-पंचवीस वर्षे कीबोर्ड बडवण्याची ही मिळकत! डॉक्टर म्हणतात, टायपिंग कमी करा. मग कोणीतरी बोललेले लिहून घेणारे सॉफ्टवेअर सुचवतो. आठवडाभर कौतुक चालते, "अहो, माझे उच्चारसुद्धा त्याला कळतात!" आणि महिन्याभरात मायक्रोफोन खणात जातो.

असे का व्हावे? माझ्या मते आपण या सॉफ्टवेअरची परीक्षाच चुकीच्या विषयात घेतो. शंभर शब्दांत किती चुका, एवढेच आपण पाहतो. पण मनगट केवळ पत्रे लिहून दुखत नाही. खिडकी उघडा, माऊस सरकवा, ओळ निवडा, तीच फाईल पुन्हा शोधा, अशा हजार बारीक हालचालींनी ते दुखते. लिहून घेणारा कारकून मिळाला, तरी ही कामे हातालाच करावी लागली तर उपयोग काय? त्यासाठी लागतात मॅक्रो. आपण दोन-तीन शब्द उच्चारायचे आणि संगणकाने ठरवून दिलेल्या कृती ओळीने पार पाडायच्या. या सॉफ्टवेअरचा कस लागतो तो इथे, आणि तो तीन प्रश्नांनी पाहावा. हुकूम आपल्याला लिहिता येतो का? त्याचे नाव आपल्या जिभेला पेलते का? आणि त्याने केलेल्या कामाची जबाबदारी आपण घेऊ शकतो का?

पहिल्या प्रश्नासाठी थोडा इतिहास पाहू. जेम्स आणि जॅनेट बेकर या दांपत्याने १९८२ साली मॅसॅच्युसेट्समध्ये ड्रॅगन सिस्टिम्स ही कंपनी काढली. १९९० मध्ये त्यांचे ड्रॅगन डिक्टेट आले. किंमत सुमारे ९,००० डॉलर, आणि प्रत्येक शब्दानंतर थांबावे लागे! १९९७ च्या नॅचरली स्पीकिंगने मात्र सलग बोलणे ऐकून घेतले. पुढे २००० मध्ये बेल्जियमच्या लर्नाऊट अँड हॉस्पीने ही कंपनी घेतली आणि ती स्वतःच बुडाली. २००१ मध्ये ड्रॅगन स्कॅनसॉफ्टकडे गेला, २००५ मध्ये स्कॅनसॉफ्टने न्युआन्स हे नाव घेतले आणि २०२२ मध्ये न्युआन्स मायक्रोसॉफ्टची झाली. इतके धनी बदलले, पण एक रीत दीर्घकाळ टिकली. खऱ्या अर्थाने मॅक्रो लिहिण्याची, म्हणजे स्क्रिप्टची सोय, महागड्या प्रोफेशनल आवृत्तीत. घरगुती ग्राहकाने फार तर ठरावीक मजकूर एका शब्दाने उमटवावा.

ड्रॅगनच्या ऐकण्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण ही वाटणी मला पटत नाही. मोठ्या ऑफिसात हाताखाली माणसे असतात. मॅक्रोची खरी गरज असते ती दुखऱ्या हाताने घरी बसून काम करणाऱ्या एकट्या माणसाला, आणि कुलूप नेमके त्याच्याच दारावर!

ते कुलूप उघडले वापरणाऱ्यांनी. स्वतः ड्रॅगनमध्ये काम केलेल्या जोएल गुल्ड यांनी पायथन भाषेला ड्रॅगनशी जोडणारा नॅटलिंक नावाचा पूल बांधला. त्यावर व्होकोला आणि ड्रॅगनफ्लाय ही साधने उभी राहिली. टॅव्हिस रड या प्रोग्रॅमरने २०१३ च्या पायकॉन परिषदेत केवळ बोलून प्रोग्रॅम लिहून दाखवला, तो याच वाटेने. आज टॅलन हे साधन फुकट मिळते आणि मॅक, विंडोज, लिनक्स या तिन्हींवर चालते. त्यातला हुकूम म्हणजे साध्या फाईलमधली एक ओळ. विसर्गचिन्हाच्या डावीकडे बोलायचे शब्द, उजवीकडे करायचे काम. ज्याला पुरणाची कृती लिहून ठेवता येते, त्याला हेही जमेल.

आता दुसरा प्रश्न, हुकुमाच्या बारशाचा. नाव ठेवताना दोन पथ्ये पाळावीत. ते नेहमीच्या बोलण्यात येणारे नसावे, नाहीतर पत्र सांगता सांगता मध्येच खिडकी बंद व्हायची. आणि ते आपल्या तोंडून स्पष्ट निघावे. हे दुसरे पथ्य आपल्यासाठी जास्त महत्त्वाचे आहे. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क किंचित हकार घेऊन येतात, आपले कोरडे असतात. त्यामुळे आपला 'पिट' इंग्रजी कानाला 'बिट' वाटू शकतो आणि 'कॅप'चा 'गॅप' होतो. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' हे दोन्ही आवाज आपण एकाच 'व'वर भागवतो. टॅलनसोबतच्या नेहमीच्या हुकुमांत अक्षरे सांगण्यासाठी प्रत्येकी एक छोटा शब्द नेमलेला आहे. 'बी'ला 'बॅट', 'पी'ला 'पिट', 'सी'ला 'कॅप'. अमेरिकन जिभेला सुटसुटीत, आपल्या जिभेला मधूनमधून दगा देणारे. पण ती यादीही साध्या फाईलमध्येच आहे. 'पिट' खोडून दुसरा शब्द लिहिला की झाले. उच्चार सुधारण्याचे वर्ग लावण्यापेक्षा हे किती सोपे! इतकी वर्षे परक्या कानांसाठी आपण जीभ वळवत आलो. इथे निदान कानाने आपल्याकडे दोन पावले यावे, ही अपेक्षा रास्त आहे.

हुकुमाला मराठी नाव द्यावे का? अवश्य द्यावे. इंग्रजी मजकुरात 'मागे जा' कधी येणार नाही, म्हणून गफलत कमी. मात्र ऐकणारा कान इंग्रजीच असतो. 'ळ', 'ण' आणि महाप्राण अक्षरे त्याला झेपत नाहीत. साधी नावे निवडावीत.

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर आहे, आणि आपल्यातल्या डॉक्टरांनी तो जरूर मनावर घ्यावा. अहवाल सांगताना 'नॉर्मल चेस्ट' म्हटले की छातीच्या तपासणीचा अख्खा परिच्छेद उमटतो. हृदय ठीक, फुप्फुसे स्वच्छ, हाडे शाबूत. वेळ वाचतो हे खरे. पण त्यातले प्रत्येक वाक्य खरोखर पाहून लिहिले आहे का? मॅक्रोला ठाऊक नसते. तो न पाहिलेल्या गोष्टीचीही ग्वाही देतो, आणि खाली सही आपली असते. इथे हुकूम आपल्यावर चालू लागतो. म्हणून मॅक्रोने आपल्याला म्हणायचे तेवढेच म्हणावे. परिच्छेद एकदम टाकण्याऐवजी एकेका निरीक्षणाचे वेगळे हुकूम करावेत, किंवा मध्ये रिकाम्या जागा ठेवाव्यात, म्हणजे तिथे थांबावेच लागते. तीच गोष्ट परत न घेता येणाऱ्या कामांची. पत्र पाठवणे, फाईल पुसणे यांना एकशब्दी नाव कधीही देऊ नये. घरात टीव्ही चालू असतो, मुले ओरडत असतात!

अलीकडे मोठ्या कंपन्यांनाही जाग आली आहे. ॲपलच्या व्हॉइस कंट्रोलमध्ये २०१९ पासून स्वतःचे हुकूम करता येतात, विंडोज ११ च्या व्हॉइस ॲक्सेसमध्ये २०२४ पासून. दोन्ही जादा पैसे न देता मिळतात आणि सुरुवातीला पुरेशी आहेत. पण यांत बहुतेक तयार कृतींच्या याद्यांतून निवड करायची असते. यादीत नसलेले काम सांगायचे तर टॅलनसारख्या साधनाकडेच वळावे लागते. तिथे शिकायला आठ-पंधरा दिवस जातात, हे लपवण्यात अर्थ नाही. मात्र ते दिवस वाया जात नाहीत.

सुरुवात पाच हुकुमांनी करावी. दिवसभरात हाताने सर्वांत जास्त वेळा केलेली पाच कामे कागदावर लिहा, त्यांना आपल्या जिभेवर बसतील अशी नावे द्या आणि आठवडाभर तेवढीच वापरा. सहावा हुकूम लिहिण्याआधी एवढेच पाहा, की पहिल्या पाचांपैकी कोणी आपण न सांगितलेले काही केले का.