‘योग्य कार्यवाही करावी’ : यंत्राच्या तापाचा इशारा आणि ड्रायव्हरची जबाबदारी

गेल्या वेळी कुणीतरी विचारलं होतं, की कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते, तशी कोडची होऊ शकते का? माझं उत्तर ‘हो’ असं आहे. कोडसुद्धा माणसानं माणसासाठी लिहिलेला मजकूर असतो. त्यात काय म्हटलंय, काय म्हणायचं टाळलंय आणि कुणाच्या गळ्यात काय टाकलंय, हे वाचता येतं. आज आपण एकच छोटा उतारा वाचणार आहोत. जेमतेम वीस-पंचवीस ओळींचा.

त्याआधी एक अनुभव. एका कार्यालयात मी यंत्रं सांभाळायचो. नाव घेत नाही. मे महिना, शनिवार दुपार, सर्व्हरच्या खोलीतला एसी बंद पडला. सोमवारी सकाळी दार उघडलं तर भट्टीसारखी झळ अंगावर आली. दोन डिस्क गेल्या होत्या. मग लॉग उघडला. शनिवारी संध्याकाळपासून यंत्र सांगत होतं, तापमान वाढतंय, मर्यादा ओलांडली. शेकडो ओळी. म्हणजे यंत्रानं इशारा दिलाच नाही असं कुणी म्हणू शकत नव्हतं. इशारा दिला होता, व्यवस्थित, वेळेसकट. फक्त तो ऐकायला खोलीत कुणी नव्हतं. आणि लॉग रोज बघायचं काम माझ्याकडे होतं, तेव्हा त्या चुकीतला माझा वाटाही आधीच कबूल करतो.

तेव्हापासून मला हा प्रश्न छळतो : इशारा ‘हाताळला’ असं आपण नेमकं कधी म्हणायचं?

आता उतारा. लिनक्सच्या कर्नलमध्ये थिंकपॅड लॅपटॉपांसाठी एक ड्रायव्हर आहे, थिंकपॅड-एसीपीआय. पूर्वी त्याचं नाव आयबीएम-एसीपीआय होतं, २००७ मध्ये ते बदललं. या लॅपटॉपांमध्ये मुख्य प्रोसेसरशिवाय एक छोटा वेगळा कंट्रोलर असतो. पंखा, बॅटरी, तापमान यांच्यावर त्याचं लक्ष असतं. काही बिनसलं की तो ऑपरेटिंग सिस्टिमला एक क्रमांक पाठवतो. सोळा-आधारी पद्धतीत ६०११ म्हणजे बॅटरी फार तापली. ६०१२ म्हणजे बॅटरी कमालीची तापली. ६०२१ आणि ६०२२ हे तसेच दोन क्रमांक, पण बॅटरीऐवजी आतल्या इतर कुठल्यातरी भागासाठी.

ड्रायव्हर हे चार क्रमांक ओळखतो. छान. ओळखल्यावर काय करतो? लॉगमध्ये एक वाक्य लिहितो. पहिल्या पायरीला ‘क्रिटिकल’ दर्जाचं, आणीबाणीला ‘अलर्ट’ दर्जाचं. मग सगळ्या सेन्सरांची तापमानं एका ओळीत लिहितो, आणि घटना पुढे वापरकर्त्याच्या बाजूच्या प्रोग्रॅमांकडे सोडून देतो. आणि प्रत्येक वाक्याखाली कोडमध्ये एक टिप्पणी आहे. त्या टिप्पणीचा आशय असा : शिफारस केलेली कृती, वापरकर्त्याला खिडकीतून सूचना द्या. आणीबाणीच्या खाली : शिफारस केलेली कृती, ताबडतोब झोपवा किंवा हायबरनेट करा.

टिप्पणी म्हणजे काय, हे इथल्या सगळ्यांना माहीत नसेल. टिप्पणी संगणक वाचत नाही. ती फक्त पुढच्या प्रोग्रॅमरसाठी असते. म्हणजे जे करायला हवं ते लिहिलंय, पण अशा जागी लिहिलंय की जिथून ते कधीच होणार नाही. सरकारी फायलीवर शेरा असतो ना, ‘योग्य कार्यवाही करावी’? तसाच हा शेरा. कुणी करावी? ते लिहिलेलं नाही.

इथे हसून पुढे जाणं सोपं आहे. पण समीक्षकानं आधी न्यायानं वागावं, म्हणून दोन गोष्टी या उताऱ्याच्या बाजूनं सांगतो.

पहिली. ६०२१ चं वाक्य साधारण असं आहे, की ‘कुठलातरी सेन्सर सांगतोय, काहीतरी फार तापलंय’. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही थट्टाच वाटली. कुठला सेन्सर? काय तापलंय? पण विचार केला तेव्हा कळलं, की हे वाक्य प्रामाणिक आहे. कंट्रोलर फक्त क्रमांक पाठवतो, सेन्सरचं नाव पाठवत नाही. ड्रायव्हरला जेवढं माहीत आहे तेवढंच तो बोलतो. म्हणूनच मग सगळी तापमानं ओळीनं लिहितो, म्हणजे वाचणाऱ्यानं अंदाज करावा. सेन्सर जास्तीत जास्त सोळा, आणि कितवा सेन्सर कुठल्या भागाजवळ हे मॉडेलगणिक बदलतं. न कळणाऱ्या गोष्टीत ठामपणाचा आव आणला नाही, हा गुणच आहे.

दुसरी बाजू तत्त्वाची. कर्नलच्या जगात एक जुनं वळण आहे : कर्नलनं साधन द्यावं, धोरण ठरवू नये. यंत्र बंद करायचं की नाही हे धोरण. ते वापरणाऱ्यानं ठरवावं. कुणी शस्त्रक्रियेच्या खोलीत तो लॅपटॉप वापरत असेल, कुणी चार तासांचं काम जतन न करता बसला असेल. जुन्या यंत्रातला एखादा सेन्सर खोटंही बोलतो. खोट्या इशाऱ्यावर यंत्र बंद पडलं तर शिव्या ड्रायव्हर लिहिणाऱ्यालाच बसतात. ही भीती खरी आहे.

तरीही मला हा उतारा अपुरा वाटतो. का, ते सांगतो.

‘अलर्ट’ हा दर्जा कर्नलच्या आठ पायऱ्यांत वरून दुसरा. त्याचा अर्थ कर्नलनेच दिलाय : ताबडतोब कृती व्हायला हवी. म्हणजे ड्रायव्हर मोठ्यानं म्हणतो, ‘आत्ता काहीतरी केलंच पाहिजे’, आणि स्वतः बाजूला होतो. आता गंमत बघा. इशारा अलर्ट दर्जाचा, पण त्याच्या खालची तापमानांची ओळ ‘नोटीस’ दर्जाची, म्हणजे पाचव्या क्रमांकाची. यंत्र ‘क्वाएट’ पर्यायासह सुरू केलेलं असेल तर पडद्यावर चौथ्या क्रमांकाच्या वरचंच उमटतं. म्हणजे बोंब ऐकू येणार, पण कारण नाही. आणि ग्राफिकल पडद्यासमोर बसलेल्या माणसाला बहुधा दोन्ही नाही.

त्याहून महत्त्वाचं, याच ड्रायव्हरचे दस्तऐवज. त्यांत स्पष्ट म्हटलंय, की उत्पादकाच्या सांगण्यानुसार ‘कमालीचं तापलं’ ही आणीबाणी आहे आणि ऑपरेटिंग सिस्टिमनं यंत्र सक्तीनं झोपवावं, हायबरनेट करावं किंवा बंद करावं. सक्तीनं! वापरकर्त्याला विचारून नव्हे. दस्तऐवज एक म्हणतो, कोड दुसरं करतो, आणि दोन्ही एकाच घरात नांदतात.

बरं, कर्नल धोरण ठरवतच नाही का? ठरवतो की! त्याच कर्नलमध्ये तापमानाची सर्वसाधारण चौकट आहे. तिच्यात मर्यादांचे चार प्रकार : अ‍ॅक्टिव्ह, पॅसिव्ह, हॉट आणि क्रिटिकल. क्रिटिकल मर्यादा ओलांडली की ती चौकट यंत्र रीतसर बंद करायला घेते. रीतसर बंद होणं अडकलं तर ठराविक वेळानं सक्तीनं बंद करायची सोयही आहे, मात्र तो वेळ मुळात शून्य ठेवलेला असतो, आणि शून्य म्हणजे ही सोय बंद. तेव्हा तत्त्वाचा प्रश्न तिथे आधीच सुटलाय. प्रोसेसर तापला तर कर्नल निर्णय घेतो. प्रोसेसरला तर स्वतःचंही रक्षण करता येतं, हाताबाहेर गेलं की तो वीज तोडायला लावतो. आणि बॅटरी तापली, जिच्यात आगीचा धोका आहे, तिथे मात्र शेरा. हे उलटं नाही का?

साधन आणि धोरण वेगळं ठेवणं शहाणपणाचं आहे, पण केव्हा? पलीकडे धोरण ठरवणारा कुणी बसलेला असेल तेव्हा. टपाल टाकलं म्हणजे पोचलं असं होत नाही. ६०२२ या आकड्याचा अर्थ या ड्रायव्हरला माहीत आहे. एखाद्या डेस्कटॉपला तो माहीत असेलच याची हमी कुठे आहे? अर्थ ज्याला कळतो त्याच्यावर थोडी अधिक जबाबदारी येते. डॉक्टरनं रिपोर्टवर गंभीर असं लिहून रिपोर्ट कपाटात ठेवला, तर आपण त्याला उपचार म्हणत नाही.

मग करायचं काय? उत्तर याच ड्रायव्हरमध्ये सापडतं. तिथे पंख्यासाठी एक पहारेकरी टायमर आहे. वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमनं पंख्याचा ताबा घेतला आणि ठरलेल्या वेळात, एक ते १२० सेकंदांत, पुन्हा हाक दिली नाही, तर ड्रायव्हर समजतो की तो प्रोग्रॅम मेला, आणि पंखा पुन्हा चालू करतो. आणि पंख्याचा ताबा देणंही मुळात बंद ठेवलंय, सुरक्षेसाठी. किती समंजस विचार! धोरण तुमचं, पण तुम्ही गप्प झालात तर मी आहे.

तोच विचार इशाऱ्याला लावा. साधा इशारा आला, पुढे पाठवा. आणीबाणी आली, पुढे पाठवा आणि काही सेकंद थांबा. कुणी ‘मी बघतो’ म्हटलं तर ठीक. कुणीच बोललं नाही तर यंत्र रीतसर बंद करा. ज्याला नको त्याच्यासाठी बंद करायचा पर्याय ठेवा. खोट्या इशाऱ्याची भीती त्यानं संपत नाही, पण तिची किंमत एका बंद पडलेल्या यंत्रापुरती राहते.

श्रोत्यांमधून एक प्रश्न आला आहे : आज आमच्याकडे असा लॅपटॉप असेल तर आम्ही काय करावं?

चांगला प्रश्न. ही घटना एसीपीआयच्या मार्गानं बाहेर येते, तेव्हा एसीपीआयडीसारख्या सेवेत चार ओळींचा नियम लिहून यंत्र झोपवता येतं. इशारा बॅटरीचा असेल तर चार्जर आधी काढा. आणि ध्यानात ठेवा, नीट चालणाऱ्या यंत्रात हे इशारे कधीच यायला नकोत. एकदा जरी आला तरी पंख्यातली धूळ, बॅटरीची फुगवट, काहीतरी आहे असं धरून चला.

आणि जे कोड लिहितात त्यांना एवढंच. ‘शिफारस केलेली कृती’ अशी टिप्पणी लिहिताना क्षणभर थांबा, आणि ही कृती प्रत्यक्षात कोण करणार, त्याचं नाव घेऊन दाखवा. नाव घेता आलं नाही, तर ते काम बहुतेक तुमचंच आहे. त्या सोमवारी ते माझं होतं.