आटवलेली आज्ञावली : बचत किती, तोटा कोणाचा?

जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली आज्ञावली 'बारीक' करून देणारी साधने आता थेट ब्राउझरमध्ये चालतात. डाव्या चौकटीत आपले लिखाण चिकटवायचे आणि कळ दाबायची, की उजवीकडे एका ओळीत ठासलेला मजकूर मिळतो. वर टक्केवारी झळकते : इतकी बचत झाली! संगणकाच्या तासाला मुले हे कौतुकाने पाहतात. ही टक्केवारी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे शिक्षकाने आधी तपासून घ्यावे.

साधन मोकळ्या जागा, ओळी आणि टिपा काढून टाकते आणि फंक्शनच्या आतल्या लांब नावांना एकाक्षरी नावे देते. (बाहेरची नावे सहसा तशीच ठेवावी लागतात, कारण दुसरी एखादी फाइल ती वापरत असेल.) जावास्क्रिप्टमध्ये चलांची नावे देवनागरीतही चालतात. कोडोलीच्या एखाद्या मुलीने उसाच्या बिलासाठी फंक्शनमध्ये अशी ओळ लिहिली असे धरू :

एकूणरक्कम = उसाचेवजन * दर;

यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना, मात्रा, हलन्त ही वेगळी चिन्हे मोजली जातात. तिन्ही नावांत मिळून १९ चिन्हे, म्हणजे ५७ बाइट, मोकळ्या जागा आणि खुणा यांचे ७, एकूण ६४. साधनातून बाहेर येतात तीन रोमन अक्षरे आणि तीन खुणा, म्हणजे ६ बाइट. बचत नव्वद टक्क्यांहून अधिक!

पण इथे हिशेबात एक गोष्ट राहते. बहुतेक सर्व्हर फाइल पाठवताना जीझिपसारख्या पद्धतीने ती आधीच दाबून पाठवतात. जीझिप १९९२ पासून वापरात आहे. पुन्हा पुन्हा येणारे तुकडे ते एकदाच लिहिते आणि पुढे त्यांचा नुसता हवाला देते. देवनागरी चिन्हाच्या तीन बाइटांपैकी पहिला नेहमी २२४ असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५. शिवाय 'उसाचेवजन' हे नाव फाइलमध्ये वीस वेळा आले, तरी दुसऱ्या वेळेपासून त्याचा भार थोडाच पडतो. म्हणून जीझिपनंतरचे दोन आकडे शेजारी मांडून पाहिले, तर खरी बचत त्या झळकणाऱ्या आकड्यापेक्षा बरीच कमी निघते. हे दोन आकडे न दाखवणाऱ्या साधनाची टक्केवारी मी ग्राह्य धरणार नाही.

दुसरे असे की, जीझिपने दाबलेली फाइल उघडली की जशीच्या तशी परत मिळते. बारीक केलेली आज्ञावली परत मिळत नाही. गुळाचा पुन्हा ऊस होत नाही, तसेच हे. ओळी पुन्हा मांडता येतात, पण 'दर टनाला धरला आहे' ही टीप आणि 'उसाचेवजन' हे नाव कायमचे गेलेले असते.

मराठीपुरता आणखी एक घोटाळा आहे. काही साधने रोमनेतर अक्षरे सांकेतिक रूपात लिहितात : उलटी तिरपी रेघ, एक अक्षर आणि चार अंक, म्हणजे दर चिन्हाला ६ बाइट. 'कोडोली' हा शब्द मुळात १८ बाइटांचा. तो ३६ बाइटांचा होतो. ईएसबिल्ड आणि गूगलचा क्लोझर कंपायलर मुद्दाम वेगळे सांगितले नाही तर असेच करतात. यामागे कारण आहे. सर्व्हरने अक्षरपद्धती नीट कळवली नाही, तर मराठी मजकुराचा चोथा होतो; सांकेतिक रूप मात्र शाबूत राहते. तरीही मराठी मजकूर भरपूर असलेली फाइल 'बारीक' होताना जाड झाली, तर नवल वाटू नये.

'तुमची आज्ञावली संगणकाबाहेर जात नाही' हा दावा मात्र मोलाचा आहे. टर्सरसारखे साधन स्वतःच जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले असल्याने ते ब्राउझरमध्ये खरोखर चालू शकते. पान उघडून मग इंटरनेट तोडले आणि काम झाले, तर पाठवण्याची गरज नाही एवढे सिद्ध होते. पाठवले जात नाही, हे सिद्ध होत नाही. त्यासाठी ब्राउझरच्या विकसक-साधनांतला 'नेटवर्क' हा भाग उघडा ठेवून, इंटरनेट चालू असताना काय बाहेर जाते ते पाहावे. गृहीतक आणि पुरावा यांतला फरक शिकवायला इतका स्वस्त प्रयोग क्वचितच मिळतो.

आज्ञावली 'सुरक्षित' राहते, असेही काही जण सांगतात. ते खरे नाही. आत लिहिलेला परवलीचा शब्द बारीक केल्यावरही वाचता येतो. लपतो तो फक्त अर्थ, आणि तो चोरापेक्षा शिकणाऱ्यापासून अधिक लपतो. वेबच्या पहिल्या दशकात कितीतरी जण दुसऱ्याच्या पानाचा 'सोर्स' उघडून शिकले. आज तिथे एकाक्षरी नावांची भिंत दिसते. मिहाई बझोन यांनी २०१० मध्ये आणलेल्या साधनाचे नाव 'अग्लिफाय', म्हणजे 'कुरूप करा'. नाव तरी प्रामाणिक आहे! रिचर्ड स्टॉलमन यांनी २००९ मध्येच आक्षेप घेतला होता की, असा मजकूर म्हणजे मूळ आज्ञावली नव्हेच. बदल करायला सोयीचे जे रूप, ते मूळ, ही जीपीएल परवान्यातली व्याख्या मला पटते.

मग बाइट वाचवायचे कसे? कोडोलीशेजारच्या वारणानगरचे उदाहरण पाहा. १९९८ मध्ये तिथे 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर-सांगलीतल्या सुमारे ७० गावांत ऊस उत्पादकांसाठी संगणक केंद्रे उघडली. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलचा लघुसंदेश वापरून पाहिला. शेतकऱ्याला मुख्यतः साखर कारखान्याकडच्या आपल्या खात्याची माहिती हवी होती, आणि ती चार शब्दांत मावत होती. तिथे भार कमी झाला तो काय पाठवायचे हे ठरवल्यामुळे. एखादे मोठे चित्र किंवा न लागणारी तयार आज्ञावली पानातून काढली, तर जे वाचते त्यापुढे या साधनांची कमाई किरकोळ ठरते.

शाळेच्या पानापुरते एवढे करावे : मूळ फाइल टिपांसह जपावी, बारीक केलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवावी आणि पानाच्या तळाशी मूळ फाइलचा दुवा द्यावा. दोन्हींची नाती सांगणारा 'सोर्स मॅप' बहुतेक साधने तयार करून देतात. तो जोडला तर ब्राउझरच्या विकसक-साधनांत 'उसाचेवजन' हे नाव पुन्हा वाचता येते.